सार्थकता आणि महत्त्व : भेदाच्या दोन मापांविषयी

१

संख्याशास्त्रातील काही संज्ञा मराठीत रूढ होताना आपल्याबरोबर एक अडचणही घेऊन आल्या. ‘सार्थकता’ ही त्यांपैकी प्रमुख होय. दोन समूहांच्या सरासरींत आढळलेला फरक निव्वळ यदृच्छेने पडला असण्याचा संभव फार थोडा आहे, एवढेच जेव्हा सांगावयाचे असते तेव्हा संख्याशास्त्रज्ञ त्या फरकाला ‘सार्थक’ म्हणतो. परंतु मराठी वाचकाच्या कानावर हा शब्द निराळ्या संस्कारांसह पडतो. जन्माचे सार्थक होते, श्रमांचे सार्थक होते; ग्रंथाची अर्थासहित आवृत्ती ‘सार्थ’ म्हणून ओळखली जाते. अर्थपूर्णता आणि कृतार्थता या दोन्ही छटा या शब्दाला आधीच चिकटलेल्या आहेत. त्याच्याऐवजी ‘लक्षणीय’ हा पर्याय घेतला तरी अडचण टळत नाही, कारण जे लक्षणीय ते लक्ष देण्याजोगे, हा अर्थ त्यातही उघड आहे.

इंग्रजीतील मूळ शब्दाची कथा याहून फारशी वेगळी नाही. एजवर्थने १८८५ मध्ये आकडेवारीतील फरकांसंबंधी हा शब्द वापरला, तेव्हा ‘हा फरक काहीतरी सुचवितो’ इतकाच मर्यादित भाव त्यात होता. काय सुचवितो, आणि जे सुचवितो ते कितपत मोलाचे आहे, याचा निवाडा त्या शब्दाने केलेला नव्हता. पुढे शब्दाचा लौकिक अर्थ ‘महत्त्वाचा’ असा दृढ झाला आणि शास्त्रीय संज्ञा व लौकिक अर्थ यांची सरमिसळ सर्वत्र सुरू झाली.

वस्तुतः येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. फरक खरोखर आहे काय, हा पहिला. तो केवढा आहे आणि तेवढ्या फरकाने काय साधते अथवा बिघडते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कसोटीने मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही. भाषा, बोली, ग्रंथकर्तृत्व आणि समाज यांच्या अभ्यासात आकडेवारीचा आधार वाढत्या प्रमाणावर घेतला जात असल्यामुळे हा भेद साहित्याच्या अभ्यासकांनीही नीट समजून घेणे अगत्याचे आहे. तो भारतात फार पूर्वी, आणि अत्यंत स्पष्टपणे, मांडला गेला होता. त्या मांडणीचा महाराष्ट्राच्या समाजाभ्यासाशी आणि मराठी वाङ्मयातील एका जुन्या वादाशी काय संबंध पोहोचतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

२

सार्थकतेच्या कसोटीचे स्वरूप प्रथम पाहू. नमुन्यात आढळलेला फरक त्या फरकाच्या प्रमाण त्रुटीने भागावयाचा. भागाकार सुमारे दोनपेक्षा अधिक आला, तर यदृच्छेने इतका फरक पडण्याचा संभव शंभरांत पाचांहून कमी आहे असे समजून फरक सार्थक ठरवावयाचा. पाच टक्क्यांची ही मर्यादा रोनल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे सर्वत्र पसरली. ती सोयीची मर्यादा होती. निसर्गाने वा तर्काने घालून दिलेली नव्हे.

महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रमाण त्रुटी नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते. नमुना चौपट केला की ती निम्मी होते. म्हणजे फरक तसाच राहिला, तरी केवळ नमुना वाढवीत गेल्याने भागाकार वाढत जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन गद्यलेखकांपैकी एकाच्या लेखनात ‘तर’ हे अव्यय दर हजार शब्दांमागे १० वेळा आणि दुसऱ्याच्या लेखनात १०.५ वेळा येते, असे समजू. प्रत्येकाचे २०,००० शब्द तपासले, तर २०० आणि २१० अशा नोंदी मिळतील. फरक १० चा, प्रमाण त्रुटी सुमारे २०. भागाकार अवघा अर्धा. फरक ‘असार्थक’ ठरेल. आता प्रत्येकाचे दहा लाख शब्द तपासले. नोंदी १०,००० आणि १०,५००. फरक ५०० चा, प्रमाण त्रुटी सुमारे १४३. भागाकार साडेतीनच्या घरात. यदृच्छेचा संभव दोन हजारांत एक इतका खाली येतो आणि फरक ‘अत्यंत सार्थक’ म्हणून जाहीर होतो.

परंतु वाचकाच्या दृष्टीने या दोन निकालांमध्ये काय बदलले? काहीच नाही. तीनशे शब्दांच्या पानावर पहिल्या लेखकाचे ‘तर’ सरासरीने तीन वेळा येते आणि दुसऱ्याचे तीनांहून किंचित अधिक. सहासात पानांमागे एखादा ‘तर’ जास्त. शैलीचा कोणताही जाणकार तो फरक कानाने ओळखू शकणार नाही. कसोटीने जे सांगितले ते खोटे नाही. फरक शून्य नाही, एवढेच तिने सांगितले. मात्र दोन भिन्न व्यक्तींच्या लेखनात कोणत्याही शब्दाचे प्रमाण अगदी तंतोतंत सारखे असेल, असे कोणी मुळात मानले होते? जी गोष्ट कोणीही मानीत नाही ती खोडून काढण्यात ज्ञानाची भर थोडीच पडते.

आणखी एक सूक्ष्म अडचण येथे आहे. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पडलेल्या नाण्यासारखा आहे, असे ही गणना गृहीत धरते. भाषेत तसे घडत नाही. ‘तर’ हा ‘जर’च्या मागे येतो, संवादात दाटीने येतो, वर्णनात विरळ होतो. शब्द झुबक्यांनी येत असल्यामुळे खरी प्रमाण त्रुटी सूत्राने दाखविलेल्या त्रुटीपेक्षा मोठी असते. अर्थात भाषिक सामग्रीवर यांत्रिकपणे लावलेली कसोटी पुष्कळदा सार्थकतेचाही अतिरेकी अंदाज देते.

३

कसोटी आणि माप यांतील हा भेद भारतात पुढे आला तो भाषाभ्यासातून नव्हे, तर मानवमितीतून. १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपूर येथे भरले होते. तेथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची नेल्सन अॅनंडेल यांच्याशी भेट झाली. अॅनंडेल यांच्यापाशी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांची नोंद होती. तिचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करण्याचे काम महालनोबिस यांनी पत्करले आणि १९२२ मध्ये त्यावरील पहिला निबंध प्रसिद्ध केला. १९२५ मध्ये सायन्स काँग्रेसच्या मानवशास्त्र शाखेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी बंगालमधील जातींच्या शारीरिक साम्यभेदांचा प्रश्न हाती घेतला. बंगालमधील ब्राह्मण हे अन्य प्रांतांतील ब्राह्मणांपेक्षा बंगालमधीलच इतर जातींना अधिक जवळचे आहेत, हा त्या विवेचनाचा एक निष्कर्ष होता.

‘अधिक जवळचे’ असे म्हणताच जवळीक मोजण्याचे माप लागते. त्या काळी कार्ल पिअर्सन यांचा ‘वांशिक साम्याचा गुणक’ प्रचारात होता. दोन समूहांच्या सरासरींतील फरकाचा वर्ग घेऊन त्याला प्रमाण विचलनाच्या वर्गाने भागावयाचे आणि नमुन्यांच्या आकारांवरून येणाऱ्या एका संख्येने गुणावयाचे, ही त्या गुणकाची मुख्य कृती. शेवटच्या गुणाकारातच मेख होती. दोन समूहांच्या सरासरींत प्रमाण विचलनाच्या एकचतुर्थांशाइतका फरक आहे, असे समजा. प्रत्येकी ५० माणसे मोजली, तर एका लक्षणापुरता हा गुणाकार सुमारे दीड येतो. प्रत्येकी १,००० मोजली, तर तो ३१ च्या वर जातो. माणसे तीच, फरक तोच. केवळ मोजणाऱ्याने अधिक कष्ट घेतले म्हणून दोन समूह वीसपट ‘दूर’ गेले.

महालनोबिस यांनी हा दोष हेरला. १९३० मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘समूहभेदाच्या कसोट्या आणि मापे’ अशी दोन पदे वेगवेगळी आलेली आहेत. भेद आहे की नाही हे ठरविणारी कसोटी नमुन्याच्या आकारावर अवलंबून असणारच, आणि असलीही पाहिजे. भेद केवढा हे सांगणारे माप मात्र नमुन्याच्या आकाराबरोबर फुगता कामा नये. नमुना वाढला, तर मापाचा अंदाज अधिक नेमका व्हावा. मोठा होऊ नये. या विचारातून आणि अनेक लक्षणांचे परस्परसंबंध जमेस धरून १९३६ मध्ये त्यांनी ‘व्यापक अंतरा’ची कल्पना पूर्णत्वास नेली. आज जगभर ‘महालनोबिस अंतर’ म्हणून ओळखली जाणारी ती हीच. १९४१ च्या सुमारास संयुक्त प्रांतात घेतलेल्या मोजमापांचे धी. ना. मजुमदार व सी. आर. राव यांच्यासह केलेले विश्लेषण १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचा पायाही हाच होता.

४

या प्रश्नात केवळ गणिताची शुद्धता गुंतलेली नव्हती. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची सामाजिक उतरंड सिद्ध होते असा सिद्धांत मांडला होता. फरक सापडला की तो वंशाचा, आणि वंशाचा म्हणून तो दर्जाचा, अशी ही घसरण होती. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची धुरा वाहणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांचीच सामग्री पुन्हा तपासली. सामाजिक दर्जा आणि शारीरिक लक्षणे यांची जुळणी उत्तर हिंदुस्थानातील एका प्रदेशापुरती दिसते. मुंबई, बंगाल, मद्रास येथे ती टिकत नाही, असे त्यांनी दाखविले. फरक ‘आहे’ एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या क्रमाने आणि कोठवर आहे हे पाहावे लागते, हा त्यातील धडा.

महाराष्ट्रात हा धागा इरावती कर्वे यांनी पुढे नेला. बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या असमरूपतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय आणि अन्य वंशांच्या कवट्यांत या बाबतीत भेद असावा, ही मार्गदर्शकाची अपेक्षा होती. मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही, आणि कर्वे यांनी ते तसेच नोंदविले. पुढे डेक्कन कॉलेजात काम करीत असताना वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील मानवमितीय मोजमापांवरील त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ ब्राह्मण जातींची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली.

या शेवटच्या निबंधातील प्रश्न कसोटीपुरता नव्हता. एकाच ‘ब्राह्मण’ नावाखाली येणाऱ्या जाती या एका मूळ समूहाचे तुकडे आहेत, की स्वतंत्र समूहांना पडलेले ते सामाईक नाव आहे? या जाती परस्परांत एकजिनसी नाहीत, या निरीक्षणावरून कर्वे दुसऱ्या पर्यायाकडे झुकल्या. हा निष्कर्ष मान्य होवो वा न होवो, त्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन जातींतील फरकाला अर्थ येतो तो इतर जोड्यांमधील फरकांशी ताडून पाहिल्यावर. एकटा फरक मुका असतो; अंतरांच्या मांडणीत ठेवला की तो बोलू लागतो.

याच प्रश्नाला पुढील काळाने आणखी एक परिमाण दिले. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये दाखविले की, मानवी आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका जनसमूहाच्या अंतर्गतच असते. समूहासमूहांतील भेद कसोटीला उतरतो, पण समूहाच्या पोटातील भेदापुढे तो लहान असतो. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. पहिले सांगून दुसरे गाळणे म्हणजे अर्धसत्य सांगणे. आणि वंशविषयक अर्धसत्यांची किंमत विसाव्या शतकाने फार मोठी मोजली आहे.

५

साहित्याच्या क्षेत्रात हाच प्रश्न ग्रंथकर्तृत्वाच्या वादांत उभा राहतो. लेखनशैलीची संख्यात्मक मापे शोधणारे उड्नी यूल यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात शब्दसंपत्तीचे एक वैशिष्ट्यमाप सुचविले. संहिता जितकी लांब तितके निरनिराळे शब्द अधिक, हे उघड आहे; म्हणून दोन असमान लांबीच्या ग्रंथांची तुलना करण्यास साधी गणना उपयोगी नाही. संहितेच्या लांबीवर अवलंबून न राहणारे माप हवे, हा त्यांचा आग्रह महालनोबिस यांच्या आग्रहाशी थेट जुळणारा आहे. एकाने कवट्या व शरीरे मोजली, दुसऱ्याने नामे मोजली. दोघांनाही मोजणाऱ्याच्या श्रमांचा अंश मापातून वगळावयाचा होता.

फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांचा १९६४ चा अभ्यास याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद होता. ‘अपॉन’ हा क्षुल्लक शब्द हॅमिल्टनच्या लेखनात हजारांमागे सुमारे तीन वेळा आणि मॅडिसनच्या लेखनात सहा हजारांमागे सुमारे एकदा येतो. अठरापट फरक! येथे सार्थकता आहेच. पण निर्णयाला बळ मिळते ते फरकाच्या आकारामुळे आणि तो एकेका लेखकाच्या निबंधानिबंधांत टिकून राहतो यामुळे. सहासात पानांमागच्या एका ‘तर’वर कोणी असा निर्णय उभारू शकले नसते.

मराठीतील या जातीचा सर्वांत गाजलेला वाद म्हणजे ‘ज्ञानदेव एक की दोन’ हा होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रातून असे प्रतिपादन केले की, ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता या दोन भिन्न व्यक्ती आहेत. भाषेतील अंतर हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. आज कोणी संगणकाच्या साहाय्याने ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या आणि ज्ञानदेवांच्या नावावरील अभंग यांची तुलना करू म्हटल्यास, प्रत्ययांच्या आणि अव्ययांच्या बाबतीत सार्थक भेद मिळणार हे गणना न करताही सांगता येते. अभंगांची भाषा अर्वाचीन वळणाची आहे, हे साध्या वाचकालाही जाणवते. येथे फरक लहानही नाही.

तरीही वाद मिटत नाही, कारण कर्तृत्वाचे उत्तर फरकाच्या आकारातूनही आपोआप निघत नाही. अभंग गायिले गेले, तोंडोतोंडी फिरले, प्रत्येक पिढीच्या जिभेवर त्यांचे रूप बदलले. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीचीही संहिता कालांतराने बिघडली होती. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. एक ग्रंथ लेखनपरंपरेने राखला, दुसरी रचना मौखिक परंपरेने वाहती ठेवली. शिवाय भाष्यपर ओवी आणि गेय अभंग यांचे रचनाधर्मच वेगळे. म्हणजे दिसणाऱ्या अंतरात कर्त्याचा वाटा, रचनाप्रकाराचा वाटा आणि संक्रमणाचा वाटा असे तीन वाटे आहेत. ते विलग करावयाचे, तर मोजपट्टीच निराळी हवी: ज्यांच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही अशा एका संतकवीच्या ओवीत आणि अभंगात किती अंतर पडते ते आधी मोजावे, आणि ज्ञानदेवांच्या बाबतीतील अंतर त्याहून अधिक आहे काय ते पाहावे. एकनाथांनी दोन्ही प्रकारांत विपुल रचना केली असल्यामुळे ही पट्टी मराठीत उपलब्ध आहे.

६

हा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिनकलच्या अलीकडे, मानसगंगोत्रीच्या परिसरात १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषांची केंद्रीय संस्था आहे. भारतीय भाषांचे यंत्रवाच्य संहितासंग्रह, ज्यांना कॉर्पस म्हणतात, ते सिद्ध करण्याची केंद्र सरकारची योजना १९९१ मध्ये सुरू झाली. मराठी व गुजराती यांचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होते. प्रत्येक भाषेचे सुमारे तीस लाख शब्द जमविण्याचे उद्दिष्ट होते, आणि हे संग्रह पुढे म्हैसूरच्या संस्थेत एकत्र आले. इरावती कर्वे यांनी जेथे माणसे मोजण्याचे शास्त्र चालविले, त्याच डेक्कन कॉलेजात मराठीचे शब्द मोजण्याची सामग्री जमावी, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे.

तीस लाख शब्दांच्या सामग्रीवर सार्थकतेची कसोटी लावणे जवळजवळ निरर्थक होते. मागील उदाहरणातील ‘तर’चा नगण्य फरक तेथे प्रमाण त्रुटीच्या सहापट भरेल. ललित वाङ्मय, सामाजिक शास्त्रे, विज्ञान, वाणिज्य, शासकीय व्यवहार, अनुवाद अशा विभागांतून हे संग्रह जमविलेले असल्यामुळे कोणतेही दोन विभाग घेतले, तरी बहुतेक प्रत्येक वारंवार येणाऱ्या शब्दात ‘सार्थक’ भेद सापडेल. शोधनिबंधात अशा भेदांची कोष्टके भरून काढणे सोपे आहे. त्यांतून मराठीविषयी काय कळले, हे सांगणे अवघड आहे.

याची उलट बाजूही विसरता येत नाही. कर्नाटकात, तंजावरात, सीमाभागात बोलल्या जाणाऱ्या मराठीच्या लहान बोली, स्त्रियांची मौखिक गीते, मोजक्याच पानांची हस्तलिखिते यांचे नमुने नेहमीच छोटे असतात. एक हजार शब्दांत एखादे रूप एका बोलीत ३ वेळा आणि दुसरीत ९ वेळा आले, तर भागाकार पावणेदोनच्या आसपास राहतो. पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली जात नाही. पण फरक तिपटीचा आहे! अशा वेळी ‘भेद आढळला नाही’ असे लिहिणे म्हणजे पुराव्याच्या अभावाला अभावाचा पुरावा समजणे. कसोटीच्या एकाच निकषाने मोठ्या भाषांचे क्षुद्र भेद सार्थक ठरतात आणि लहान बोलींचे ठसठशीत भेद असार्थक म्हणून गळतात. हा अन्याय गणिताचा नव्हे, गणित वाचणाऱ्याचा आहे.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये अधिकृत निवेदन काढून सांगितले की, संभाव्यतेच्या या आकड्यावरून परिणामाचा आकार अथवा निष्कर्षाचे महत्त्व मोजता येत नाही. साहित्य व भाषा यांच्या अभ्यासकाने यापासून चार नियम तरी घ्यावेत. फरक सांगताना तो हजार शब्दांमागे, पानामागे, ओवीमागे असा वाचकाला समजेल अशा परिमाणात सांगावा. त्याबरोबर तो अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो ती मर्यादा द्यावी. छोट्या नमुन्याची दुर्बलता आणि मोठ्या नमुन्याची नेमकेपणा देण्याची शक्ती दोन्ही त्यात दिसतात. समूहासमूहांतील भेदाशेजारी समूहांतर्गत भेद ठेवावा. एकाच लेखकाच्या दोन ग्रंथांत जेवढे अंतर आहे तेवढेच दोन लेखकांत आढळले, तर त्यावरून लेखक वेगळे ठरत नाहीत. आणि अखेरीस, या भेदाची कोणकोणती कारणे संभवतात ते मांडून मगच त्यातील एकाची निवड करावी.

केवढे अंतर महत्त्वाचे मानावयाचे, हे मात्र कोणतेही कोष्टक सांगणार नाही. बोलीला भाषा म्हणावे काय, अभंग कोणाच्या नावावर ठेवावेत, दोन समाजांना एक म्हणावे की भिन्न, हे निर्णय इतिहास, व्याकरण, काव्यशास्त्र आणि त्या निर्णयाचे परिणाम सोसणारी माणसे यांचा विचार करूनच घ्यावे लागतात. कसोटी त्या विचाराला आरंभ करून देते. तिच्याकडे निर्णयच सोपविला, तर अभ्यासकाने आपले काम टाळले, असे म्हणावे लागेल.